मैद्याची खळ, मुलांचा क्ले आणि गव्हाची ॲलर्जी

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
आमच्या पाच वर्षांच्या मुलीला गव्हाची ॲलर्जी असल्याचे निदान झाले असून घरी जोंधळ्याची भाकरीच होते. तरीही शाळेत आकाशकंदील करून आली त्या संध्याकाळी तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि ओठांभोवती गांधी उठल्या. खाण्यात काही आले नव्हते. खाण्याव्यतिरिक्त कोणत्या वस्तूंकडे लक्ष द्यावे?

शहापूरकर:
कागद कशाने चिकटवला, हे शाळेत आधी विचारावे. आपल्याकडे कंदील, पतंग आणि कागदाच्या लगद्याची कामे अजूनही मैदा शिजवून केलेल्या खळीने होतात. ती बोटांनी सारवताना नखांत भरते आणि तेच बोट तोंडात जाते. मऊ क्लेमध्येही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. 'प्ले-डो'मध्ये ते असल्याचे उत्पादक स्वतःच सांगतात. त्याऐवजी शाडू द्यावा. खळ तांदळाच्या पिठाची करता येते, मात्र गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेले पीठ त्यासाठी घेऊ नये.

खानापूरचा औषध दुकानदार:
पाकिटावर ॲलर्जीकारक घटक जाहीर करण्याचे बंधन अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत आहे, पण ते खाद्यपदार्थांपुरते. साबण-शांपूवर घटकांची यादी असते खरी; तेथे गहू 'ट्रिटिकम', शेंगदाणा 'ॲराकिस' आणि तीळ 'सेसमम' या नावांनी येतो, मग गिऱ्हाइकाला कळावे कसे? जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, आणि त्यांतील बहुतेक जण तोवर गहू बिनदिक्कत खात होते.

निपाणीहून, बालरोग विभागातील परिचारिका:
जपानचे उदाहरण खरे असले, तरी त्यावरून घरातली प्रत्येक बाटली संशयित ठरवू नये. धडधाकट त्वचेला नुसता स्पर्श झाल्यास सहसा तेवढ्याच जागी गांधी उठतात. खरा धोका तोंडावाटे पोटात जाण्याचा आणि इसबाने फुटलेल्या त्वचेचा असतो. म्हणूनच इसब असलेल्या बाळाला घाण्याच्या शेंगतेलाने मालिश करू नये, कारण त्या तेलात प्रथिनांचा अंश उरतो; रिफाइंड तेलात तो जवळजवळ नसतो. सॅनिटायझरने गव्हाचे प्रथिन निघत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. ओठांभोवतीच्या गांधी मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण रंग किंवा चमकीही त्याला कारण असू शकते. ओठ सुजले, धाप लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.