कॅलिफोर्नियातला धर्मादाय बिंगो: नियम जाचक की गरजेचे?

सॅनहोजेकर
गणपतीत हौजी ठेवून मराठी शाळेसाठी निधी जमवायचा, असं मंडळात ठरलं होतं. तिकीट विकत, बक्षीस रोख. मग एकाने इथल्या दंडसंहितेचं कलम ३२६.५ वाचून दाखवलं आणि बैठक थंडावली.

१९७६ मध्ये राज्याची घटनादुरुस्ती होऊन धर्मादाय बिंगोला, म्हणजे आपल्या हौजीलाच, वाट मिळाली, पण आपल्या शहराने किंवा काउंटीने तसा स्थानिक कायदा केला असेल तरच. एका डावाचं बक्षीस ५०० डॉलरच्या वर नाही. खेळ सर्वांना खुला हवा, नुसता सभासदांपुरता नाही. चालवणारे मात्र सभासदच, तेही बिनपगारी. आणि अल्पवयीनांना मज्जाव! अहो, आमच्याकडे 'जल्दी पाच' म्हणून पहिली आरोळी पोरंच ठोकतात. वह्या-पुस्तकांच्या पैशासाठी एवढा जाच कशाला?

हिशेबनीस
असहमत. तुमच्या मंडळात सगळे ओळखीचे, म्हणून जाच वाटतो. दर आठवड्याला बिंगो लावणाऱ्या हॉलचा विचार करा. सगळा रोखीचा मामला. विकलेल्या तिकिटांचे क्रमांक आणि पेटीतली रक्कम जुळली नाही तर विचारायचं कोणाला? आधी 'व्यवस्थापक' येतो, मग त्याचा मेहुणा, मग हॉलचं भाडं फुगतं, आणि संस्थेच्या हाती चिल्लर. म्हणूनच या खेळातून पगार देणं किंवा घेणं हाच गुन्हा आहे, दंड १०,००० डॉलरपर्यंत. सुरक्षारक्षकांना तेवढी सूट. बाकी कलमं गेली तरी चालतील, हे राहिलंच पाहिजे.

कोपऱ्यातला_काका
हिशेबनीस, कागदावर छान आहे. चर्चच्या तळघरात सत्तरीच्या आज्या रात्री दहापर्यंत आकडे पुकारत बसतात, त्यांच्यानंतर कोण? तरुण माणूस फुकट येत नाही.

शिवाय ही बंधनं सगळ्यांना कुठे आहेत? रिव्हरसाइड काउंटीतल्या काबाझोन या मूळ अमेरिकन (नेटिव्ह अमेरिकन) जमातीच्या बिंगोवर राज्याने हेच नियम लादायचा प्रयत्न केला. तेव्हा बक्षिसाची मर्यादा २५० डॉलर होती. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्य बिंगोचं फक्त नियमन करतं, त्यावर बंदी घालत नाही, त्यामुळे जमातीच्या भूमीवर हे नियम चालणार नाहीत. पुढच्याच वर्षी जमातींच्या जुगाराबद्दल केंद्राचा कायदा आला आणि पुढे मोठमोठे कॅसिनो उभे राहिले. आता ५०० डॉलरच्या बक्षिसासाठी तुमच्या हॉलवर कोण येणार?

हिशेबनीस
काका, जमातींचा मुद्दा त्यांच्या सार्वभौमत्वाचा आहे, तो आपल्या मंडळाच्या पारड्यात टाकू नका. मर्यादा वाढवा, माझी ना नाही. पगाराचं दार मात्र उघडू नका.

रॅफलवाली
दोघंही एक गोष्ट विसरताय. रॅफलला, म्हणजे तिकिटं विकून काढलेल्या सोडतीला, याच राज्यात वेगळं कलम आहे, ३२०.५. तिथे मिळालेल्या एकूण रकमेतली किमान ९० टक्के धर्मादाय कामाला द्यावी लागते, आणि संस्थेची नोंद ॲटर्नी जनरलकडे. बिंगोलाही असाच टक्का बांधून द्या ना! मग पुकारणाऱ्याला चार पैसे दिले तर बिघडलं कुठे? पैसा कोणी हाताळला यापेक्षा शेवटी किती पोचला, ते मोजा.

हिशेबनीस
टक्का कशाचा, ते आधी सांगा. बिंगोत जमलेल्यातलं बरंचसं त्याच रात्री बक्षिसांत परत जातं. ९० टक्के बाजूला काढायचे तर बक्षीस म्हणून काय, नारळ देणार? आणि बक्षिसं वजा करून टक्का धरायचा म्हटलं, तर बक्षिसं किती दाखवायची हे पुन्हा त्या व्यवस्थापकाच्याच हातात.

रॅफलवाली
परवाना देताना बक्षिसांची पावती सक्तीची करा. विजेत्याची सही घ्या. दोन रकान्यांचं काम आहे.

सॅनहोजेकर
चर्चा फारच वर गेली :) आमच्यापुरतं ठरलं: तिकीट फुकट, बक्षिसाला स्टीलचे डबे, पोरं खेळणार. शाळेसाठी दारात वेगळी पेटी, ज्याला द्यायचे तो देईल.

कोपऱ्यातला_काका
आणि पेटीत पैसे टाकल्याशिवाय तिकीट हातात पडत नाही, असं होऊ देऊ नका. नाहीतर कलम ३२६.५ पुन्हा वाचायला लागेल.