मदत हवी आहे: नावही ठाऊक नसलेल्या व्यक्तीचे आभार कसे मानावेत?

नमस्कार. गेल्या आठवड्यात जिना उतरताना माझा पाय मुरगळला, तेव्हा एका अनोळखी बाईंनी माझे सामान उचलून मला आधार देत खाली आणले आणि मी वेदनेच्या भरात त्यांचे नावही विचारले नाही. अमित कुमार व निकोलस एप्ली यांच्या 2018 सालच्या अभ्यासात असे दिसले की, आभारपत्र मिळणाऱ्याला होणारा आनंद लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा अधिक असतो आणि संकोच कमी. पण पत्ताच नसेल तर पत्र पाठवायचे कुठे? (पैसे देऊ करणे मला तरी अपमानास्पद वाटते.) त्याच जिन्यापाशी चिठ्ठी लावली तर त्यांना अवघडल्यासारखे होईल का, हे कृपया स्वानुभवातून सांगावे.