स्वतःचा ट्रक घ्यावा की कंपनीचीच गाडी चालवत राहावं?

लांबपल्ला:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं कंपनीचा ट्रेलर चालवतोय, लांबची लाईन. पगार वेळेवर होतो, तक्रार काही नाही, पण आता स्वतःची गाडी असावी असं फार दिवस मनात चाललंय. डाऊनपेमेंटपुरते पैसे साठलेत, ते दिले की हातात फारसं काही उरणार नाही. त्यात आमच्या साहेबांनी सुचवलंय की कंपनीचीच एक जुनी गाडी हप्त्यावर घे आणि आमच्याकडेच लाव, लोड आम्ही देऊ, हप्ता भाड्यातून कापून घेऊ. मी कागदावर मांडून बघितलं, महिन्याच्या भाड्यातून डिझेल, टोल आणि हप्ता वजा केला तर आत्ताच्या पगाराच्या जवळपास दुप्पट उरतंय. बायको म्हणते एवढं सोपं असतं तर सगळेच ड्रायव्हर मालक झाले असते, आणि तिच्या बोलण्यात तथ्य आहे म्हणून इथे विचारतोय. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी सांगा, माझ्या हिशोबात काय राहिलंय? आणि घ्यायचीच तर नवी की जुनी?

दहाचाकी:
दादा, हिशोबात बरंच राहिलंय. सगळ्यात आधी तुमचा स्वतःचा पगार. गाडी तुमची असली तरी स्टिअरिंगवर बसणाऱ्याचा पगार हा गाडीचा खर्चच आहे, आत्ता कंपनी जेवढा देते तेवढा आधी खर्चात टाका आणि मग जे उरेल त्याला नफा म्हणा. बहुतेक लोक इथेच फसतात, दोन्ही एकत्र धरतात आणि खूश होतात.

दुसरं म्हणजे रिकामी फेरी. समजा महिन्याला गाडी 10,000 किमी पळाली आणि त्यातले 3,000 किमी खाली. भाडं मिळालं 7,000 चं, पण डिझेल, टायर, ऑइल सगळं 10,000 चं जळलं. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला जो खर्च येतो त्याच्या साधारण 1.43 पट भाडं भरलेल्या किलोमीटरला मिळालं तर तुम्ही फक्त बरोबरीत, नफा त्याच्या पुढे. कंपनीत असताना परतीचं भाडं ऑफिसवाले शोधतात, आपल्याला त्याची झळ लागत नाही. मालक झाल्यावर गाडी खाली करून उभे राहिलात की फोन तुम्हालाच लावायचेत आणि समोरच्याला कळतं की ह्याला घरी जायची घाई आहे, मग तो भाडं पाडून मागतो.

आणि ॲव्हरेज. पूर्ण लोडमध्ये लिटरला 4 किमी देणारी गाडी आणि 3.5 देणारी गाडी, कानाला फरक काहीच वाटत नाही. पण 10,000 किमीला एकीला 2,500 लिटर लागतं आणि दुसरीला 2,857. दर महिन्याला साडेतीनशे लिटर जास्तीचं, वर्षभराचं तुम्हीच काढा. स्पीड थोडा कमी ठेवला, टायरची हवा नीट बघितली तर ह्यातलं बरंच वाचतं, आणि ते वाचलेलं मालकाच्या खिशात जातं, इथे तुमच्यासारख्या जुन्या ड्रायव्हरचा खरा फायदा आहे.

टायर, क्लच, इन्शुरन्स, पासिंग ह्यांचे पैसे खर्च येईल तेव्हा बघू असं करू नका, किलोमीटरमागे ठराविक रक्कम दर फेरीला बाजूला काढायची.

हिशोबाची_वही:
आमची गाडी आहे, चालवतात हे, वही मी बघते. भाऊ, मला एकच सांगायचंय, नफा आणि हातातला पैसा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. डिझेल आज रोख लागतं, हप्त्याची तारीख ठरलेली, पण भाड्याचं काय, थोडा ॲडव्हान्स मिळतो आणि बॅलन्स पोच पावती जमा केल्यावर, ते सुद्धा कोणी 30 दिवसांनी देतं, कोणी 60, कोणी त्याच्याही पुढे. कागदावर महिना चांगला गेलेला असतो आणि टाकी भरायला पैसे नसतात.

तुम्ही लिहिलंय डाऊनपेमेंटनंतर काही उरणार नाही, तिथेच माझं मन थांबलं. माझ्या मते कमीत कमी तीन महिन्यांचा हप्ता, घरखर्च आणि इंजिनचं एखादं मोठं काम निघेल एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय गाडी घेऊच नये. गाडी दहा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर दुरुस्तीचा खर्च एकीकडे आणि त्या दहा दिवसांची कमाई बुडाली ते दुसरीकडे, हप्ता मात्र चालूच. अडल्यावर बिलं कमिशन देऊन आधी वटवता येतात पण मग त्यात मार्जिनच जातं.

एक सवय लावा. गोडाऊनला गाडी लागली की आत गेल्याची आणि खाली झाल्याची वेळ पोच पावतीवरच लिहून घ्यायची, सही शिक्क्यासकट. आमच्याकडे ह्याच एका ओळीवर हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे सुटतात. तोंडी सांगितलं तर कोणी देत नाही. गाडीचं बँक खातंही घरापासून वेगळंच ठेवा.

गॅरेजवाला:
जुनी घ्यायची असेल तर मीटरवर जाऊ नका, इंजिन बघा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना जा, बोनेटला हात लावून खात्री करा, आधीच गरम करून ठेवलेली असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट करा, थोडं चालू द्या आणि ऑइल भरायचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवा. थोडी वाफ येणं ठीक, पण धूर जोरात फेकत असेल आणि झाकण उडत असेल तर पिस्टन रिंग आणि लायनर गेलेत, मोठं काम जवळ आलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. पुढचे टायर एका कडेने जास्त घासलेत का बघा, अलाइनमेंट किंवा किंगपिनचं (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिचं) काम निघतं. चेसीवर स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग दिसलं तर आधी ओव्हरलोड किती झालीय ते विचारा.

नव्या इंजिनांना धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं, 100 लिटर डिझेलमागे साधारण 3 ते 5 लिटर, ते पण हिशोबात घ्या. त्यात स्वस्तातला भेसळीचा माल टाकून सेन्सर आणि कॅटॅलिस्ट घालवलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात, तो खर्च फार लागतो.

कंपनीच्या जुन्या गाडीचा एक फायदा आहे, सर्व्हिसचं रेकॉर्ड असतं. ते मागून घ्या. देत नसतील तर ती गाडी नको.

रात्रपाळी:
मी सगळा विचार करून कंपनीतच राहिलो आणि मला त्याचं काही वाटत नाही. पोरं लहान आहेत, गाडी बिघडली तरी माझा पगार चालू, घरी आलो की फोन बाजूला. मालकाला सुट्टीच्या दिवशी पण डोक्यात लोडच.

पण साहेबांच्या ऑफरबद्दल बोलतो. गाडी देणारा तोच, लोड देणारा तोच आणि हप्ता कापणारा पण तोच, म्हणजे उद्या त्याने लोड कमी केला तर तुम्ही बोलू पण शकत नाही. कागद नीट वाचा. गाडी कोणाच्या नावावर राहणार, मध्येच सोडली तर भरलेल्या हप्त्यांचं काय, बाहेरचा लोड भरायची मुभा आहे का, महिन्याला कमीत कमी किती किलोमीटर देणार ते लिहून देतात का. ह्यातलं काहीही तोंडी नको.

लांबपल्ला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसून परत मांडलं. पगार खर्चात टाकला, खाली किलोमीटर धरले, टायर आणि मेंटेनन्स काढलं, तर दुप्पट सोडा, पगाराच्या वर अगदी थोडं उरतंय, तेही गाडी एक दिवस पण उभी राहिली नाही तर. बायकोला दाखवलं. घ्यायची इच्छा अजून आहे, पण थांबावं तर किती थांबावं?

दहाचाकी:
वर ताईंनी सांगितलेली रक्कम साठेपर्यंत थांबा. तोपर्यंत आत्ता जी गाडी चालवताय तिचीच वही घाला, रोज भरलेले किमी, खाली किमी, डिझेल, उभी राहिलेले तास. ज्या पार्ट्यांकडे माल उतरवता त्यांच्या माणसांशी ओळख ठेवा, परतीचं भाडं कुठून मिळतं आणि पैसे वेळेवर कोण देतं हे ड्रायव्हरला जेवढं कळतं तेवढं ऑफिसात बसणाऱ्याला कळत नाही. आणि साहेबांना किलोमीटरचं लेखी मागून बघा, काय म्हणतात ते इथे टाका.