अर्धशिशीचा ऑरा की मिनी स्ट्रोक? उपकेंद्रावर कसं ओळखायचं?

बालाघाट_सीएचओ
बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पेशंट येऊन सांगतात, "डोळ्यापुढं चमचम झाली, हात बधिर पडला, शब्द सापडेनात, अर्ध्या तासानं सगळं बरं." तपासलं तर हाती काहीच लागत नाही. हा अर्धशिशीचा ऑरा, म्हणजे डोकं धरायच्या आधीची लक्षणं धरायची, की लकव्याच्या आधीचा मिनी स्ट्रोक, म्हणजे टीआयए? सीटी इथून लांब आहे. माझ्याकडं बीपी मशीन, ग्लुकोमीटर आणि टॉर्च. काय विचारायचं आणि कुणाला लगेच पाठवायचं?

मांजराकाठ
ताई, तपासणीत सापडणार नाहीच. पेशंट तुमच्यापर्यंत येईतो दोन्हींतली लक्षणं उतरलेली असतात, त्यामुळं निदान विचारण्यात आहे. काय झालं हे तो आपणहून सांगतो. कसं सुरू झालं हे तुम्ही खोदून विचारा.

ऑरा सरकत येतो. मेंदूच्या वरच्या थरातून विद्युत बदलाची लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगानं जाते, म्हणून लक्षण पसरायला ५ मिनिटं किंवा जास्त लागतात आणि एकेक लक्षण ५ ते ६० मिनिटं टिकतं. बहुतेकदा आधी नजर. मधोमध एक धूसर ठिपका, मग त्याची चंद्रकोर होते, कड किल्ल्याच्या तटासारखी कोनाकोनाची, लुकलुकणारी. ती हळूहळू बाजूला सरकते आणि आतला भाग दिसेनासा होतो. केसपेपरच्या मागं पेशंटला चित्र काढायला सांगा, बराच उलगडा होतो. त्यानंतर मुंग्या: बोटांची टोकं, मनगट, कोपर, मग त्याच बाजूचा ओठाचा कोपरा आणि जीभ. हाताला ओसरायला लागतात तोवर तोंडापर्यंत पोचलेल्या असतात.

टीआयएत मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थोड्या वेळापुरता एकदम तुटतो, म्हणून सगळं एका क्षणात. भाकरी थापता थापता हात परातीत तसाच पडून राहिला, उचलेना, आणि त्याच वेळी तोंड वाकडं. ऑरात नसलेलं काही दिसतं, जाणवतं. टीआयएत असलेलं जातं, मग ती नजर असो, ताकद असो की वाचा.

"किती वेळ होतं?" याला सगळेच "अर्धा तास" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "चमकायला लागलं तेव्हा हात चांगला होता का? ओठाला मुंग्या आल्या तेव्हा चमक राहिली होती का?"

गोदाकाठची_सिस्टर
डोळ्याचं एक सांगते. पेशंट "उजव्या डोळ्याला झालं" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोन्ही डोळ्यांच्या उजव्या अर्ध्या भागात झालेलं असतं. आळीपाळीनं डोळे झाकून बघितले होते का, हे विचारा. वारंवार होतं त्यांना ही सवयच लावा. एकाच डोळ्यावर वरून पडदा उतरल्यासारखा अंधार आला असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीचा संशय धरून त्याच दिवशी पाठवा.

साखर आधी बघा. ७० च्या खाली गेलेली साखर हुबेहूब लकव्यासारखी दिसू शकते. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. अनियमित लागली तर हृदयातून गुठळी सुटल्याची शक्यता वाढते. बीपी वाढलेला दोन्हींत असू शकतो, त्यावरून निदान होत नाही. आणि बीपीची गोळी जिभेखाली देऊ नका. बीपी झपकन उतरला की मेंदूचं उरलंसुरलं रक्तही कमी पडतं.

बालाघाट_सीएचओ
डोकं दुखलं म्हणजे अर्धशिशी, असं धरलं तर चालेल का? आणि ॲस्पिरिन इथंच द्यावी का?

मांजराकाठ
डोकेदुखीवर विसंबू नका. ऑरानंतर साधारण तासाभरात डोकं धरतं, मळमळतं, उजेड सोसत नाही, हे खरं. पण काहींना ऑरा येतो आणि डोकं दुखतच नाही. उलट मेंदूत रक्तस्राव झाला की डोकं भयंकर दुखतं. तरुण पेशंटला मानेला हिसका बसल्यावर मान दुखून अशी लक्षणं आली तर मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असू शकते.

पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल, तर वर्णन ऑराचं असलं तरी टीआयए धरूनच पाठवा. हातापायातली ताकद खरोखर गेली असेल तरी तसंच. लकव्यासारखी अर्धशिशी असते, पण ती दुर्मिळ, आणि तिचं निदान उपकेंद्रावर करायचं नसतं.

लक्षणं चालू असताना ॲस्पिरिन नको. गुठळी की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही. शिवाय गिळणं बिघडलेलं असेल तर गोळी श्वासनलिकेत जाते. लक्षणं पूर्ण उतरली असतील तर डॉक्टरांशी फोनवर बोलून मगच. म्हाताऱ्या माणसांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठूनही मुंग्या ऑरासारख्याच सरकतात, तिथं ॲस्पिरिननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून एमआरआय लागतो.

परळी_अंबाजोगाई_रोड
"आता बरं वाटतंय" म्हणून टीआयएचा पेशंट घरी गेला की खरी हानी होते. पुढच्या लकव्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. लक्षणं चालू असतील तर १०८ बोलवा आणि गाडी निघायच्या आधी फोन करून सीटी आत्ता चालू आहे का ते विचारा, मग ते अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूर. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास पेशंट शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ लिहा. चिठ्ठीत ती वेळ, साखर, बीपी, नाडी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव. सोबत वेळ सांगू शकणारा नातेवाईक पाठवा.

गोदाकाठची_सिस्टर
ताई, तुमच्याकडून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी जाते म्हणून मुद्दाम लिहिते. तिच्यात इस्ट्रोजेन असतं. ऑरावाल्या अर्धशिशीत लकव्याचा धोका मुळातच जास्त असतो, त्यात इस्ट्रोजेन आणि तंबाखूची मिसरी यांची भर नको. गोळी देताना "डोकं धरायच्या आधी डोळ्यापुढं चमकतं का?" एवढं विचारा. हो म्हणाली तर माला-एन नको, तांबी चालते.