पाठ केलेलं उत्तर मुलाखतीत कितपत टिकलं? तुमचे अनुभव सांगा

शिवारफेरी

माझ्या पुतणीची येत्या गुरुवारी पहिलीवहिली मुलाखत आहे. बी.कॉम. झालीय. सोनेतारण आणि छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीच्या आमच्या तालुक्यातल्या शाखेत जागा निघाल्यात. रविवारी ती शंभर पानी वही घेऊनच आली. ‘काका, एकदा ऐक ना.’ वहीत अकरा प्रश्न लाल शाईने, अकरा उत्तरं निळ्या शाईने. स्वतःबद्दल सांगा, जमेची बाजू, कमकुवत बाजू, पाच वर्षांनी कुठे असाल, तुम्हालाच का घ्यावं, वगैरे. तिने धाडधाड म्हणून दाखवलं. सातव्या उत्तरात एक शब्द अडला तर ते उत्तर पुन्हा पहिल्यापासून. पाढे म्हणताना आपण करायचो ना, अगदी तसं.

मी मध्येच विचारलं, ‘टीमवर्क आवडतं म्हणतेस, कुठल्या टीममध्ये होतीस?’ गप्प. मग म्हणते, ‘हा प्रश्न वहीत नाहीये.’

मी स्वतः १९९४ ला नोकरीला चिकटलो तो आजवर तिथेच, म्हणजे माझ्या अनुभवाला बुरशी लागलेली. तुम्ही काय तयारी केली होतीत आणि खुर्चीत बसल्यावर काय झालं, ते लिहा. सल्ले नकोत. सल्ल्यांची वही तिच्याकडे आहेच.

दहाबाराचा पाना

मी आयटीआय फिटर. २०१३ ला चाकणमध्ये मुलाखत होती. ‘मायसेल्फ’पासून सुरू होणारं दीड मिनिटाचं इंग्रजी भाषण पाठ केलेलं. बसमध्ये ओठ हलवत बसलो होतो, शेजारच्या आजींना वाटलं पोरगं जप करतंय.

भाषण चालू असताना साहेब खिडकीतून फोर्कलिफ्ट बघत होते. संपल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून व्हर्नियर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं उपकरण) काढला, टेबलावर एक डॉवेल पिन ठेवली. ‘माप सांग.’ बास, इंग्रजी संपलं.

आमचे आयटीआयचे निदेशक व्हर्नियर हातात दिला की आधी जबडे मिटवायला लावायचे. नाही मिटवले तर बोटांवर स्टीलची पट्टी. त्या सवयीने मी पिन उचलायच्या आधीच जबडे मिटवले. शून्यावर शून्य येईना. व्हर्नियरची दुसरी रेघ जुळत होती. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे ०.०४ ची चूक. म्हटलं, ‘साहेब, हा पॉइंट झिरो फोर जास्त दाखवतोय.’ मग पिन धरली, वाचन १२.०४ आलं, वजा करून बारा सांगितलं.

‘सोमवारी ये,’ म्हणाले. आत लागल्यावर कळलं, तो बिघडलेला व्हर्नियर ते मुद्दाम ड्रॉवरमध्ये ठेवायचे, फक्त मुलाखतीसाठी. शॉपवर कुणी चुकून नेऊ नये म्हणून त्याला लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. मला घाबरल्यामुळे तो दिसलाच नव्हता.

जमाखर्च

मी कोल्हापूरची. २०१४ मध्ये मुलगी झाली तेव्हा अकाउंट्सची नोकरी सोडली. परत उभी राहिले ती २०२२ मध्ये. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता. मधल्या काळात जीएसटी आला, लोकांच्या अंगवळणी पडला, आणि मी आपली व्हॅटच्या फॉर्मांच्या आठवणीत.

मला एकाच प्रश्नाची धास्ती होती: आठ वर्षं काय केलंत? उत्तर लिहून काढलं, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे मला नाइलाजाने...’ नवऱ्याने साहेब व्हायचं कबूल केलं. चष्मा नाकावर घेऊन बसला, दोन प्रश्न नीट विचारले आणि तिसरा प्रश्न ‘चहा टाकतेस का?’ तालीम तिथेच संपली. पण एक गोष्ट त्याने बरोबर पकडली. म्हणाला, ‘तू कोर्टात माफी मागतेयस असं वाटतंय.’

मग मी उत्तरावर काम करणं सोडलं आणि कामावर काम केलं. गल्लीतल्या एका करसल्लागारांकडे तीन महिने रोज सकाळी बिनपगारी बसले. पार्ट्यांची, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांची, खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या टू-बीशी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारी यादी) जुळवायची, जुळत नाहीत त्यांची यादी करायची. सुरुवातीला एकेका पार्टीला दोन दोन दिवस लागायचे.

मुलाखत शिरोलीतल्या एका फाउंड्रीत. प्रश्न आलाच. मी म्हटलं, ‘आठ वर्षं घर सांभाळलं, हिशेबाचं काम केलं नाही. गेले तीन महिने रोज टू-बी जुळवतेय.’ त्यांनी त्या आठ वर्षांबद्दल पुढे एक शब्द विचारला नाही! थेट म्हणाले, ‘माल आलाय, बिल हातात आहे, पण टू-बीत दिसत नाही. त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्याल?’ म्हटलं, ‘नाही. आधी सप्लायरला फोन, त्याने जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं विवरण, भरलाय का. पुढच्या महिन्यात दिसलं की घ्यायचं.’ ‘आणि तो फोनच उचलत नसेल तर?’ ‘मग त्याचं पेमेंट थांबवायचं, तो स्वतः करतो फोन.’ मालक मोठ्याने हसले. त्यांचाच कुणी सप्लायर तसा होता.

वाट चुकलेला

छोटासा किस्सा. छंदात ‘ट्रेकिंग’ लिहिलं होतं, कारण ‘वाचन’ सगळेच लिहितात. कॉलेजच्या ग्रुपबरोबर एकदा हरिश्चंद्रगडावर गेलो होतो एवढंच. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, चेहरा उजळला. ‘हरिश्चंद्रगड? कुठून? पाचनई, टोलारखिंड की नळीची वाट?’

मी म्हटलं, ‘रात्र होती मॅडम.’

समोरच्या खुर्चीतून

मी वाळूजला प्रॉडक्शनमध्ये आहे. चौदा वर्षं मुलाखती घेतोय, म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगतो.

एका कॅम्पसला दिवसभरात तेवीस मुलांना कमकुवत बाजू विचारली. एकोणीस जण परफेक्शनिस्ट निघाले. एवढे परफेक्शनिस्ट खरोखर असते तर आमच्या लाइनला रिजेक्शनचं खोकं ठेवावं लागलं नसतं. त्या दिवसापासून मी तो प्रश्न सोडला आणि ‘शेवटची चूक कुठली केलीत आणि ती पहिल्यांदा कुणाला सांगितलीत?’ असं विचारतो. यावर बहुतेक जण छताकडे बघतात. डिप्लोमाच्या एका मुलीने मात्र सांगितलं की प्रोजेक्टच्या ड्रॉइंगमध्ये तिने शाफ्टची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) चुकीची टाकली, बेअरिंग बसेना, दोन शाफ्ट भंगारात गेले. गटाला रात्रीच फोन करून सांगितलं, ६४० रुपये स्वतःचे भरले. आकड्यासकट सांगितलं ना, तिथेच माझं ठरलं. आज ती आमच्याकडे क्वालिटीत आहे आणि माझेच पार्ट रिजेक्ट करते.

आता थोडं आमच्याविरुद्ध. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न मी पुष्कळदा अशासाठी विचारतो की समोरच्याचा बायोडेटा मी वाचलेला नसतो. सकाळपासून लाइन बंद पडलेली असते, एचआर हाक मारतं, मी तसाच येऊन बसतो. तुम्ही दीड मिनिट बोलता तेवढ्यात मी कागद वाचतो. ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ हाही बराचसा त्याच जातीचा. पुतणीला सांगा, त्या दोन उत्तरांना एवढा घाम गाळू नकोस. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो, आणि तो तिच्याच कागदातून निघतो.

दहाबाराचा पाना

@समोरच्या खुर्चीतून, म्हणजे ते फोर्कलिफ्ट तरी बघत होते, तुम्ही कागद वाचता. प्रगती आहे.

मालदांडी

माझी राज्यसेवेची. तेव्हा मुख्य परीक्षा ८०० ची आणि मुलाखत १०० गुणांची होती. (आता लेखी १७५० आणि मुलाखत २७५ झालीय.) गाव मंगळवेढ्याजवळ. ‘तुमच्या भागाबद्दल सांगा’ येणार हे ठरलेलंच, म्हणून मंगळवेढा नखशिखांत केला. ज्वारीचं कोठार, संत दामाजी, संत चोखामेळा, ज्वारीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, मालदांडी ३५-१ हे वाण, काळी जमीन ओल कशी धरून ठेवते, सगळं. पेठेत चार मॉक मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी ज्वारीवर वाहवा.

प्रत्यक्षात पॅनेलमधल्या एका सरांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘यंदा कडबा शेकडा काय दराने गेला?’

मला माहीत नव्हतं. घरी सहा एकर ज्वारी, दारात कडब्याच्या गंजी, आणि मी चार वर्षं पुण्यात टेबलाला चिकटलेला. ‘माहीत नाही सर,’ म्हटलं. ते म्हणाले, ‘ज्वारी परवडते की नाही हे दाण्यापेक्षा कडब्यावर ठरतं ना?’ हे तर माझ्या वडिलांचं रोजचं वाक्य. मी मान हलवली. पुढचे प्रश्न बरे गेले, पण मी तिथे नव्हतोच.

बाहेर येऊन वडिलांना फोन लावला. त्यांनी एका दमात दर सांगितला आणि वर म्हणाले, ‘पण पेंढी केवढी ते विचारायचं होतंस त्यांना. मुठीएवढीची वेगळी, कवळ्याएवढीची वेगळी. नुसता दर विचारणाऱ्याला काय कळतंय?’

हे उत्तर मी आत दिलं असतं तर! त्या वर्षी अकरा गुणांनी हुकलो.

नव्वद दिवस

‘पगाराची अपेक्षा?’ ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे.’ नम्र उत्तर, सगळ्या व्हिडिओंत हेच सांगतात. हिंजवडीतल्या त्या कंपनीने नियमाप्रमाणेच दिला. शेजारच्या खुर्चीवरच्या, माझ्याएवढ्याच अनुभवाच्या मुलाने आकडा सांगितला होता. तो फरक मला दोन वर्षांनी कळला, तोही त्याने गाडी घेतली तेव्हा. नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड मात्र दोघांनाही सारखाच.

अडखळे

इथे सगळे पाठांतराला नावं ठेवतायत म्हणून लिहितोय. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. ‘प’ आणि ‘म’वर जास्त. आमच्यासारखे लोक शब्द बदलून वेळ मारून नेतात. ‘पगार’ अडला की ‘सॅलरी’ म्हणायचं, ‘पुणे’ अडलं की ‘इथलाच’. पण स्वतःचं नाव बदलता येत नाही, आणि माझं नाव ‘प’वरून आहे. मुलाखतीतला पहिला प्रश्न कायम तोच!

एका ठिकाणी मी ‘प... प...’ करत होतो तर समोरच्या गृहस्थांनी मदत म्हणून ‘प्रसाद?’ विचारलं. मी हो म्हणालो. पुढचा अर्धा तास मी प्रसाद होतो. ‘प्रसाद, तुम्ही सांगा’, ‘छान प्रसाद’. शेवटी बायोडेटावर त्यांची नजर गेली आणि त्यांना वाटलं कागद बदललाय. ती नोकरी मिळाली नाही, मिळाली असती तरी पहिल्या दिवशी गेलो नसतो.

त्यानंतर मी तीन वाक्यं पाठ केली. ‘नमस्कार. मी बोलताना अडखळतो. वाक्य मीच पूर्ण करीन, तुम्ही थांबा.’ आरशासमोर नाही, आरशासमोर मी अडखळतच नाही. दूधवाला, रिक्षावाला, गॅसचा सिलेंडर देणारा, अशा अनोळखी माणसांसमोर म्हणायचो. दूधवाला पहिल्या दिवशी खरंच थांबला, किटली हातात धरून. पुढच्या मुलाखतीत नाव सांगायला मला बराच वेळ लागला, पण कुणी मध्ये तोंड घातलं नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये लागलो. तर पाठांतर वाईट नसतं हो. आपल्याला नेमकं कुठे अडतं ते कळलेलं असावं आणि तेवढंच पाठ करावं.

जमाखर्च

@अडखळे, किटली धरून उभा दूधवाला डोळ्यांसमोरून जाईना.

स्टुटगार्टची सून

२०१७, पुणे. तांत्रिक फेरी छान झाली, मग एचआरने विचारलं, ‘लग्नाचं काय?’ मावशीने पढवून पाठवलं होतं, ‘सध्या विचार नाही म्हण.’ म्हटलं. बाई गोड हसून म्हणाल्या, ‘तसं नाही, आता रजा सव्वीस आठवड्यांची झालीय ना.’ प्रसूतीची रजा त्याच वर्षी बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली होती. बायकांसाठी केलेला कायदा आणि तोच असा तोंडावर मारलेला. कंपनीचं नाव घेत नाही.

पुढे इकडे जर्मनीत आले. इथल्या पहिल्या मुलाखतीला मावशीचं उत्तर जर्मनमध्ये घोटून गेले होते, लागलंच नाही. गरोदर आहात का, मूल कधी, हे इथे विचारता येत नाही, आणि विचारलंच तर खोटं सांगितलं तरी त्याचा ठपका तुमच्यावर येत नाही. इथे भलतंच काहीतरी पाठ करावं लागतं. नोकरी सोडताना जुना मालक जे प्रशस्तिपत्र देतो त्याची एक सांकेतिक भाषा असते. ‘पूर्ण समाधान’ लिहिलं तर ठीकठाक, आणि ‘नेहमीच पूर्णतम समाधान’ लिहिलं तर उत्तम. ‘पूर्णतम’ हा शब्द व्याकरणात बसत नाही हे जर्मन लोकही मान्य करतात. पण तो नसला की मुलाखतीत भुवया वर जातात.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार. मंगळवारी रात्री हा धागा पुतणीला वाचून दाखवला. प्रसादच्या किश्शाला हसली, कडब्याच्या किश्शाला गप्प झाली. मग तिला म्हटलं, तुझ्या कागदात काय आहे ते बघू. ‘वडिलांचा व्यवसाय: किराणा दुकान.’ तिने वहीत त्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. बारावीपासून रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसते, पण ते काही ‘अनुभव’ नाही असं तिचं म्हणणं.

आज मुलाखत झाली. अकरापैकी दोन प्रश्न आले. मग मॅनेजरांनी कागद बघून विचारलं, ‘दुकानात उधारी किती? वसूल कशी करता?’

तिने सांगितलं, ‘पगाराच्या दिवशी संध्याकाळी आई जाते. बाबा गेले तर भांडण होतं, आई गेली की दारातच देतात.’

‘आणि नाहीच दिले तर?’

‘वही उघडून त्यांच्यासमोर बेरीज करायची. मोठ्याने नाही करायची, शेजारी ऐकतात. मग पुढच्या वेळी ते आपल्या दुकानावरून जाणं टाळतात आणि गिऱ्हाईकही जातं.’

कळवतो म्हणालेत.