उत्तर: ‘हर देश में तू’ पारंपरिक नाही

वर कोणी लिहिलंय की ‘हर देश में तू, हर भेष में तू’ हे पारंपरिक भजन आहे, म्हणूनच इतक्या जणांनी गायलंय. गायलंय खरं, पण रचना तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८). हिंदी शब्दांमुळे घोटाळा होतो. महाराज मराठी-हिंदी दोन्हींत लिहायचे. पुरावा शेवटच्या कडव्यात आहे, ‘तुकड्या कहे’ ही त्यांची नाममुद्रा. काही गायक नेमकं तेच गाळतात.

आमच्या गावात, महाराजांचा आश्रम असलेल्या मोझरीपासून जवळच, सामुदायिक प्रार्थनेनंतर हे खंजिरीवर होतं. एकदा मोबाईलवर एक गुळगुळीत, संथ रेकॉर्डिंग लावलं, तर आमचे आबाजी भडकले, “शेवटचं कडवं खाल्लं ना यायनं! अन् खंजिरी कुठी हाय?” चाल मात्र त्यांनाही आवडली होती.