मदत हवी आहे: १९४५ नंतरची अमेरिका, 'सदर्न स्ट्रॅटेजी' नेमकी किती मानायची?

नमस्कार मंडळी,

एम.ए.ला युद्धोत्तर अमेरिकेचा पेपर घेतलाय. कंटेनमेंट (साम्यवादाचा प्रसार रोखण्याचं धोरण), १९४७ चा ट्रुमन सिद्धांत, मार्शल योजना इथवर ठीक आहे. मॅकार्थीवादही (साम्यवादी असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागणं) समजला. (नोट्समध्ये हॉलिवूडवाल्यांची १९४७ ची चौकशी मॅकार्थींच्या नावावर खपवतात, ती करणारी समिती प्रतिनिधीगृहाची, आणि हे गृहस्थ सिनेटर!)

गाडं अडलंय ते दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांपाशी. १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या नागरी हक्क धोरणावर चिडून दक्षिणेतले बंडखोर डेमोक्रॅट, म्हणजे 'डिक्सिक्रॅट', फुटले आणि त्यांचे अध्यक्षीय उमेदवार स्ट्रॉम थरमंड यांनी चार राज्यं जिंकली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्धचं सिनेटमधलं फिलिबस्टरही (लांबलचक भाषणं करून मतदान अडवणं) मुख्यतः दक्षिणी डेमोक्रॅटांनीच चालवलं. ते मोडताना ७१ विरुद्ध २९ मतं पडली आणि त्या ७१ मध्ये २७ रिपब्लिकन होते. त्याच वर्षी थरमंड रिपब्लिकन झाले, रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार गोल्डवॉटर यांनी दक्षिणेतली पाच राज्यं घेतली.

आता निक्सन यांची 'सदर्न स्ट्रॅटेजी' (दक्षिणेतल्या नाराज गोऱ्या मतदारांना रिपब्लिकन पक्षाकडे ओढण्याची नीती) म्हटली की सगळे १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीकडे बोट दाखवतात. पण प्रतिनिधीगृहात दक्षिणेतल्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे गेल्या त्या थेट १९९४ मध्ये. मला तरी एका निवडणुकीचं हे स्पष्टीकरण फारच सोपं वाटतं.

मग मधली पंचवीस-सव्वीस वर्षं कशी समजावून सांगायची? वाढती उपनगरं, चर्चचं राजकारण, १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतरचे नवे कृष्णवर्णीय मतदार, यांतलं कशाला जास्त वजन द्यावं? कुणी हा विषय शिकवत असेल तर कृपया सविस्तर लिहा. इंग्रजी वाचनसाहित्य सुचवलंत तरी चालेल.